सशाचे दत्तकविधान

बडोद्यास राहणाऱ्या मराठी माणसाला ‘दत्तक’ हा शब्द काही नवा नाही. १८७५ साली आजच्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक मुलगा येथे आणला गेला, महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि गोपाळरावाचे सयाजीराव झाले, ही हकीकत आमच्या घरांतून अजूनही सांगितली जाते. त्या वेळी एकाहून अधिक मुले आणून त्यांची पारख झाली, असे म्हणतात. दत्तकाची रीतच तशी आहे. पारख व्हावयाची ती मुलाची. घेणाऱ्याची पारख कोण करतो? परंतु श्रोतेहो, गेल्या वर्षी मी एक ससा दत्तक घ्यावयास गेलो, तेव्हा तो बिचारा आपला कोपऱ्यात गवत खात बसला होता आणि परीक्षा चालली होती ती माझी. पहिल्या खेपेस मी तीत नापास झालो, हेही आरंभीच सांगून टाकतो.

हे सारे ज्यातून उद्भवले ती गोष्ट काही भूषणावह नाही. त्यापूर्वी तीन वर्षांमागे नातीच्या वाढदिवसाला मी बाजारातून पांढऱ्याशुभ्र सशांची एक जोडी आणली. किंमत इतकी थोडी की, पिंजऱ्याला त्याहून अधिक पैसे पडले. दुकानदाराने खोक्याला भोके पाडता पाडता मला सशाचे संपूर्ण शास्त्र सांगितले. दोन्ही माद्या आहेत, गाजर द्या, भिजवलेले हरभरे द्या, पावही चालतो, पाणी फारसे लागत नाही. यांपैकी दोन्ही माद्या असल्याचे तेवढे खरे निघाले आणि ते आमचे मोठेच भाग्य. सशाची मादी सुमारे एका महिन्यात वितेि, आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. त्यात एक जरी नर असता, तर वर्षभरात आमच्या घरात आम्हालाच जागा उरली नसती.

बाकीच्या गोष्टींवर मी विश्वास कसा ठेवला, याचे आज मला नवल वाटते. पण त्याला थोडे आपल्या भाषेचेही कारण आहे. ‘ससा’ म्हटले की आपल्याला वाटते, हा तर आपला जुना ओळखीचा! चंद्रावरचा डाग म्हणजे ससा, म्हणून चंद्र शशांक. सिंहाला विहिरीत उडी घ्यावयास लावणारा पंचतंत्रातला ससा. माळावर पायांतून उसळून पळणारा ससा. तो आपला रानससा खरोखर निराळा प्राणी आहे. तो उघड्यावर राहतो, त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला पकडून पाळणे हा गुन्हा आहे. बाजारातला पांढरा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो जमिनीत बिळे खणून कळपाने राहणारा; त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. आपल्या पूर्वजांनी सशाविषयी जे जे जाणले, त्यातले याच्या कामी काहीच येत नाही. नाव एक, जात दुसरी.

या पाहुण्याचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. मागच्या दाढाही वाढतच असतात. ते झिजावयाचे तर दिवसभर गवत चघळले पाहिजे. हिरवे व वाळलेले गवत हेच त्याचे जेवण, आणि त्यासाठी विलायती पुडीची गरज नाही. गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजे हरळी, त्याला उत्तम चालते. गुरांना घालतात तो लसूणघास लहान पिलांना ठीक, पण मोठ्या सशाला रोज घातला तर त्यातील चुन्याच्या अंशाने लघवीचे विकार जडण्याचा संभव असतो. गाजर म्हणजे त्याची मिठाई. मी तीन वर्षे त्या दोघींना मिठाई आणि पाव चारीत होतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात एके संध्याकाळी त्यांतल्या एकीने खाणे सोडले. उकाड्याने असेल, उद्या पाहू, असे मी म्हणालो. सकाळी ती पिंजऱ्यात आडवी पडलेली होती. नात शाळेतून येण्यापूर्वी तिला मागच्या अंगणात पुरले. डॉक्टरांनी नंतर उरलेल्या सशाचे तोंड उघडून आतल्या दाढा मला दाखविल्या. त्यांना कडेने अणकुचीदार टोके फुटू लागली होती. जी गेली तिची जीभ किंवा गाल त्या टोकांनी किती दिवस कापला जात असेल, कोण जाणे. सशाला ओकारी होत नाही. त्याचे आतडे सतत चालू राहिले तरच तो जगतो. दहा-बारा तास त्याने तोंडात काही घेतले नाही, तर तो उद्यावर ढकलण्याचा प्रश्न उरत नाही. आणि तो विव्हळतही नाही. ज्याला सारे रान खावयास टपलेले असते, तो आपले दुखणे लपवावयास शिकतो. ही विद्या त्याने माझ्यापुढेही वापरली; मी जणू कोल्हाच होतो.

उरलेली एकटी कोपऱ्यात तोंड घालून बसू लागली. डॉक्टर म्हणाले, हिला सोबत हवी. पण आधी हिचे गर्भाशय काढून टाका, कारण वय वाढले की न व्यालेल्या माद्यांना तेथे कर्करोग होण्याचे प्रमाण फार मोठे असते. आणि सोबती बाजारातून आणू नका, निवाऱ्यातून आणा.

निवारा म्हणजे शहराच्या टोकाला दोन खोल्या आणि एक अंगण. आपल्याकडे पांजरपोळाची परंपरा जुनी आहे; मुंबईचा पांजरपोळ तर १८३४ सालचा. पण तेथे आपण देणगी देतो आणि हात जोडून घरी येतो. येथे देणगीची पावती नव्हती, प्राणीच घरी न्यावयाचा होता. आलेले प्राणी बहुतेक माझ्यासारख्यांच्याच घरचे होते. वाढदिवसाला आणलेले, बदली झाली म्हणून सोडलेले, एकाचे दहा झाले म्हणून पोत्यात घालून फाटकाशी ठेवलेले. काही सार्वजनिक बागेतून उचलून आणलेले होते. पुष्कळांना वाटते, बागेत सोडले म्हणजे मुक्त केले. पांढऱ्या रंगाचा, माणसाळलेला ससा बागेत सोडणे म्हणजे कुत्र्यांना आणि घारींना निमंत्रण देणे होय. प्राण्याला असे उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अपराध आहे. तो कायदा व्हावा म्हणून संसदेत झगडल्या त्या नृत्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. (सोडलेले ससे जेथे जगले, तेथे काय झाले तेही जगाला ठाऊक आहे. १८५९ साली ऑस्ट्रेलियात टॉमस ऑस्टिन नावाच्या गृहस्थाने शिकारीच्या हौसेने दोन डझन ससे सोडले. त्यांची पिलावळ पुढे साऱ्या खंडाला पुरून उरली.)

शेजारच्या खोलीत गिनीपिग होते. हा प्राणी गिनीतला नाही आणि डुक्करही नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले लोक हजारो वर्षे त्याला स्वयंपाकघरात पाळून खात आले. पेरूमधील कुस्को येथील मोठ्या चर्चमध्ये मार्कोस सापाता याने अठराव्या शतकात काढलेले ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे चित्र आहे; त्यात ताटात वाढलेला प्राणी हाच असल्याचे मानतात. आपल्याला मात्र तो ठाऊक झाला प्रयोगशाळेतून. क्षयाचे जंतू शोधताना रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये त्याचाच उपयोग केला. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांना होतो तो स्कर्व्ही रोग जडला. माणसाप्रमाणेच गिनीपिगाच्या शरीरालाही क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. ते जीवनसत्त्व पुढे सापडले, त्यात या प्राण्याचा वाटा मोठा आहे. आज जो कोणी घरात गिनीपिगाला केवळ दाणे घालतो, तो १९०७ चाच प्रयोग नकळत पुन्हा करीत असतो. त्याला गवताच्या जोडीला रोज थोडी भोपळी मिरची, कोथिंबीर, क्वचित पेरूची फोड द्यावी. तेथील बाई विळी घेऊन बसल्या आणि कोथिंबिरीचा पहिला काप पडला मात्र, त्या खोलीतून एकदम शिट्ट्यांचा कल्लोळ उठला. माझी नात तेथेच हरखली.

तिचा हट्ट असा की, ससा आणि गिनीपिग दोन्ही न्यावेत आणि एकत्र ठेवावेत. बाईंनी साफ नाही म्हटले. सशाच्या एका लाथेने गिनीपिगाचे हाड मोडते. सशाला बाधत नाहीत असे काही जंतू त्याला न्यूमोनिया आणतात. आणि दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. गिनीपिगाला गिनीपिगच हवा. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून त्याला एकटे ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे.

मग माझी पाळी आली. ससा कोठे ठेवणार? गॅलरीत. गॅलरी कोणत्या बाजूला? पश्चिमेला. मेमध्ये तेथे किती वेळ ऊन असते? फरशी गुळगुळीत आहे काय? गावी जाता तेव्हा कोण पाहते? तुमच्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे ना, की पेनिसिलिनच्या जातीचे औषध तोंडावाटे दिले तर ससा दगावू शकतो? मी शाळेत तीस वर्षे प्रश्न विचारले. असे एकामागून एक प्रश्न मला कोणी विचारले नव्हते. शेवटी बाई म्हणाल्या, “काका, बडोद्याचा उन्हाळा चाळिसाच्या वर जातो. सशाला तिशीतच धाप लागते. त्याला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायला त्याच्यापाशी बहुतेक कानच. पश्चिमेच्या गॅलरीत मी ससा देणार नाही.”

मला राग आला, हे कबूल करतो. फुकट न्यावयाच्या वस्तूसाठी एवढे सोपस्कार! परतताना रिक्षा बाजारातून वळली, आणि मी त्याच दुकानासमोर उतरलो. तीच खोकी, तीच भोके. दुकानदाराने मला ओळखले नाही. त्याने ओळखावे असे काही घडलेही नव्हते. “दोन्ही माद्या आहेत,” तो म्हणाला. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. नात काहीच बोलली नाही, पण तिने माझा हात सोडून दिला. मी तसाच घरी आलो.

उत्तरेच्या बाजूची अडगळीची खोली आम्ही रिकामी केली. खिडकीला गोणपाट, खाली जुनी सतरंजी, बसावयास एक गार शहाबादी फरशी, विजेच्या तारा उंच बांधलेल्या. बाई स्वतः येऊन पाहून गेल्या. त्यानंतर निवड झाली, आणि तीही मी केलेली नव्हे. आमच्या सशिणीला टोपलीत घालून निवाऱ्यात नेले आणि जी जागा कोणाचीच नाही अशा जागी एकेका खच्ची केलेल्या नराची गाठ घालून दिली. पहिल्याला तिने असे चावे घेतले की केसांचे पुंजके उडाले. दुसऱ्या खेपेस एका डोळ्यात फूल पडलेला करड्या रंगाचा ससा आणला. तो पिंजऱ्यात असा ठेवला असता, तर मी त्याच्याकडे पाहिलेही नसते. दोघे पाठ फिरवून बसले आणि आपापले तोंड धुऊ लागले. तासाभराने आमची सशीण सरकत सरकत गेली आणि तिने आपले डोके त्याच्या हनुवटीखाली जमिनीला टेकविले. सशांच्या रीतीप्रमाणे याचा अर्थ, माझे डोके चाट. त्याने चाटले. कितीतरी महिन्यांनी तिचे कान सैल पडलेले मी पाहिले.

शेवटी अर्ज भरावयाचा होता. त्यात अखेरचे कलम असे की, आपल्या मागे या प्राण्याचा सांभाळ कोण करील. मी अडखळलो. नीट ठेवलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. हा दोन वर्षांचा, मी अडुसष्टचा; बेरीज करावयास फार गणित लागत नाही. आपल्याकडे दत्तक घेतात तो आपल्या मागे कोणी पाणी द्यावयास असावे म्हणून. येथे माझ्या मागे त्याला पाणी कोण देणार, हे मला लिहून द्यावयाचे होते. नातीने लगेच हात पुढे केला; बाई म्हणाल्या, अठरा वर्षे पूर्ण हवीत. मुलगा परगावी नोकरीला. मी अर्ज घडी घालून घरी आणला आणि दोन दिवस देव्हाऱ्याशेजारी ठेवला.

तिसऱ्या दिवशी पाहतो तो त्या जागी सूनबाईंची सही. पहिल्या जोडीपासून ‘हे जनावर मला घरात नको’ म्हणत आलेल्या त्याच त्या सूनबाई. सहीखाली त्यांनी कंसात लिहिले होते, ‘गवत आणण्याचे काम मात्र मुलीकडे.’ निवाऱ्यातल्या बाईंनी ती अट वाचली, थोड्या हसल्या आणि खोडली नाही.