कुरकुरणारा अँटेना

मंगरूळपीर भागात काही जुन्या मोटारींना अजून मोटरवर चालणारा अँटेना आहे. रेडिओ लावला की तो आपोआप वर येतो. तोच कुरकुरू लागला, तर कारण बहुधा आपली काळ्या मातीची धूळ. सोयाबीन-तुरीच्या मळणीत तर ती सगळीकडे शिरते.

एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या सांध्यांत ही धूळ बसते. अँटेना पूर्ण वर काढा, स्वच्छ सुती फडक्याने प्रत्येक नळी पुसा. मग सिलिकॉन स्प्रे किंवा शिलाई मशीनचं पातळ तेल फडक्यावर घेऊन हलकेच फिरवा. चार-पाच वेळा वर-खाली करा, दर वेळी निघालेला काळा मळ पुसा. ग्रीस मात्र कृपा करून लावू नका. त्याला धूळ चिकटते आणि नळ्या जाम होतात.

मोटर घरघरते, पण नळी हलत नाही? मग आतल्या दातेरी नायलॉन दोरीचे दाते तुटले असतील. तिथे तेलाचा उपयोग नाही, दोरीच बदलावी लागते. हाताने ओढाताण करू नका.

पावसाळ्यापूर्वी खालची पाणी निघायची नळीही पाहा. ती तुंबली की मोटर गंजते.