नळाचा फिल्टर घेण्याआधी
(ग्रामसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



तोटीला बसवायच्या फिल्टरसाठी गटातून कर्ज घ्यावं का, असं बऱ्याच जणी विचारतायत. जरूर घ्या. पण आधी तो काय करतो ते ऐका.

साध्या फिल्टरमध्ये जाळी आणि कोळसा असतो. जाळी गाळ अडवते, कोळसा टीसीएलचा वास घालवतो. पाणी नितळ दिसतं, चवही सुधारते. पण काविळीचा विषाणू त्या जाळीतून आरपार जातो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती पाण्यातूनच.

दुसरं म्हणजे, टीसीएल गेलं की पाण्याची राखणही गेली. ते पाणी कळशीत दोन-दोन दिवस साठवू नका, त्याच दिवशी संपवा.

दुकानात तीन गोष्टी विचारा. जंतू अडतात का, आणि तसं खोक्यावर लिहिलंय का? आतली कार्ट्रिज किती लिटरनंतर बदलायची? नवीन केवढ्याला? मुदत संपलेल्या कार्ट्रिजमध्येच जंतू वाढतात.

त्याआधी पाणी तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा.

पाणी दूषित निघालं, पूर आला किंवा गावात साथ असली, तर फिल्टरचं पाणीसुद्धा खळखळून उकळा. उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवा. फिल्टर आला म्हणून उकळायचं पातेलं माळ्यावर टाकू नका.