आज्ञेवाचून सुटलेली गोळी



'होमरूल' हा शब्द लोकमान्यांनी १९१६ साली आपल्याकडे घरोघर पोचविला. तो आला आयर्लंडहून. त्या आयर्लंडात होमरूलची मागणी मागे पडून बंदूक पुढे कशी आली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत शिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. हे सभासद लंडनच्या पार्लमेंटात गेले नाहीत. कित्येक तुरुंगातच होते. उरलेल्यांनी २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिन येथे स्वतःची लोकसभा भरविली आणि स्वातंत्र्य जाहीर केले.

त्याच दिवशी टिपररी परगण्यात सोलोहेडबेग गावाजवळ एक घोडागाडी खाणीकडे चालली होती. गाडीत दीडशे पौंडांहून अधिक सुरुंगाची दारू आणि बंदोबस्तास दोन सशस्त्र पोलीस. शॉन ट्रेसी, डॅन ब्रीन, शेमस रॉबिन्सन आणि त्यांचे साथीदार असे आठ-नऊ तरुण कित्येक दिवस तेथे दबा धरून होते. त्यांनी शरण येण्यास फर्मावले. पोलिसांनी बंदुका सावरल्या. गोळ्या सुटल्या आणि दोघेही जागीच ठार झाले.

हे दोघे कोण? मॅक्डॉनेल आणि ओकॉनेल. दोघेही आयरिश, दोघेही कॅथॉलिक. मॅक्डॉनेल विधुर होता, पदरी मुले होती. परसत्तेचा पोलीस बहुधा आपल्यातलाच असतो, ही गोष्ट पारतंत्र्य भोगलेल्या आपल्यासारख्यांना वेगळी सांगावयास नको.

आणि या तरुणांना आज्ञा कोणाची होती? कोणाचीच नाही. डब्लिनच्या लोकसभेला या बेताची वार्ता नव्हती. त्यांच्या सेनेच्या वरिष्ठांनीही परवानगी दिलेली नव्हती. धर्मगुरूंनी या हत्येचा निषेध केला. सरकारने दक्षिण टिपररीत लष्करी अंमल बसविला आणि मारेकऱ्यांसाठी हजार पौंडांचे इनाम लावले. पुढे ब्रीनने सांगितले की युद्धाला तोंड फोडावे हाच आमचा हेतू होता. युद्ध पेटलेही. जुलै १९२१ मध्ये तहकुबी झाली, तोवर दोन्हीकडचे शेकडो जीव गेले.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. लोकांनी मत दिले होते ते स्वातंत्र्याला. युद्ध करा, असा स्पष्ट कौल कोणी मागितला नव्हता. सैन्याच्या कृत्यांची जबाबदारी आपली, असे लोकसभेने उघडपणे मान्य केले ते १९२१ च्या मार्चमध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. जनतेचा शब्द आणि बंदुकीची गोळी एकाच दिवशी निघाली खरी, परंतु दोहोंची गाठ पडावयास इतका काळ लागला.

ट्रेसी स्वतः १९२० साली डब्लिनच्या रस्त्यात गोळीने पडला. त्याच्या शौर्याविषयी शंका नाही. तथापि राष्ट्राच्या नावाने पहिला बार कोणी काढावा, हे केवळ शौर्याने ठरत नाही. यश आले की इतिहास मागाहून आज्ञापत्र लिहून देतो. अपयश आले असते तर तेच हात खुनी ठरले असते. म्हणून निकाल लागण्यापूर्वीचा तो दिवस आपण नीट पाहावा आणि मग आपले मत बनवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.