बिलावर नाव कुणाचं?

(बचत गटांच्या शिबिरात केलेलं भाषण)



'जीएसटी' म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याचजणी म्हणतात, "ते आमचे हे बघतात." मसाल्याचं प्रमाण आपल्याला तोंडपाठ, कुठला माल खपेल ते आपण सांगू शकतो, मग कर तेवढा का कळू नये? हिशेब ज्याच्या हातात, निर्णय त्याच्या हातात. म्हणून आज मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. धंद्याच्या खरेदीवर दिलेला कर वजा कसा करून घ्यायचा?

हा कर १ जुलै २०१७ ला आला. समजा, एका गटानं पिशव्यांसाठी ५०,००० रुपयांचं कापड घेतलं आणि ५ टक्क्यांनी २,५०० रुपये कर दिला. पिशव्या ८०,००० ला विकल्या, त्यावर गिऱ्हाइकाकडून ४,००० रुपये कर घेतला. सरकारला भरायचे १,५०० रुपये. आधी दिलेले २,५०० वजा होतात. यालाच इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. ही कुणाची मेहेरबानी नाही, कायद्यानं दिलेला हक्क आहे.

पण त्याला अटी आहेत. गटाची नोंदणी हवी. गटाचा जीएसटी नंबर घातलेलं पक्कं बिल हवं. माल हातात आलेला हवा. दुकानदारानं ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवून कर भरलेला हवा. तसं दाखवलं की ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतं. दर महिन्याला ते बिलांशी ताडून बघा. दुकानदाराचे पैसे १८० दिवसांत चुकते करा, नाहीतर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. वर्ष संपल्यावर पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोपर्यंतच, राहिलेली वजावट मागता येते. घरच्या वापराच्या खरेदीवर ती मिळत नाही.

आता आपला खरा प्रश्न. यंत्र गटाच्या पैशांनी येतं आणि बिल नवऱ्याच्या दुकानाच्या नावानं फाटतं. मग गटाला वजावट नाही, आणि कागदोपत्री यंत्रही गटाचं नाही! उद्या भांडण झालं तर दाखवायचं काय? "बिल नको, स्वस्तात देतो," म्हणणाऱ्या दुकानदाराकडूनही हाच तोटा.

याच्या उलटही घडतं. धंदा त्याचा, नोंदणी तिच्या नावावर, ओटीपी त्याच्या फोनवर. खोट्या बिलांवर वजावट घेतली गेली, तर कर, व्याज आणि दंडाची नोटीस तिच्या नावानं येते. म्हणून समजल्याशिवाय सही नाही, आणि पासवर्ड आपल्याच हातात!

सगळ्यांनी नोंदणी करायलाच हवी असं नाही. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यांना साधारणपणे ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत ती सक्तीची नाही. सेवा देणाऱ्यांना ही मर्यादा २० लाखांची आहे. नोंदणी नाही तर वजावटही नाही, कंपोझिशन योजनेतही नाही. अशा वेळी दिलेला कर हा आपला खर्च. तो किमतीत धरा, पदरचा घालू नका. मात्र मोठ्या कंपन्यांना माल द्यायचा असेल तर त्या जीएसटीचं बिल मागतात, कारण त्यांनाही वजावट हवी असते. तेव्हा स्वेच्छेनं नोंदणीचा विचार करा, पण विवरणपत्रं वेळेवर भरायची तयारी ठेवूनच.

शेवटी एक मुद्दा चळवळीचा. सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. देशभरातल्या बायांनी आवाज उठवला, आणि २७ जुलै २०१८ पासून तो माफ झाला. ही आपली जीत. पण करमाफ मालासाठी घेतलेल्या कच्च्या मालावरची वजावट मिळत नाही. म्हणजे पॅड बनवणाऱ्या छोट्या गटाला तो कर सोसावाच लागतो. निर्यातदाराला असा कर परत मिळतो. मग पॅड बनवणाऱ्या बायांना का नाही? ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

ती मांडायची तर आकडे आपल्याच वहीत हवेत. तेव्हा बायांनो, पुढच्या बैठकीला गेल्या तीन महिन्यांची बिलं घेऊन या. एकत्र बसू, आणि प्रत्येक बिलावर नाव कुणाचं आहे ते आधी वाचू.