मंजूर रेखांकन आणि गुंठ्याचा बाजार
(जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी तयार केलेले भाषण)

जमिनीचा प्रश्न म्हटला की आपल्या चळवळीच्या डोळ्यांसमोर कूळ, कमाल धारणा आणि गायरान एवढेच उभे राहते. शहराच्या कडेला शेताचे भूखंड पडतात तेव्हा तो दलालांचा विषय आहे असे समजून कार्यकर्ता पुढे जातो. ही उदासीनता जालन्यासारख्या जिल्ह्यात महाग पडली आहे. लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने आणि बियाण्यांचा व्यापार यांवर वाढलेले हे शहर. १९८१ साली ते जिल्ह्याचे ठिकाण झाले, २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा येथून वाहता झाला आणि २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. प्रत्येक वेळी भोवतालच्या कोरडवाहू शिवाराचा भाव चढला. भट्टीवरचा मजूर, हमाल, गाव सोडून आलेला अल्पभूधारक यांनी मात्र मिळेल तेथे गुंठा, अर्धा गुंठा घेतला. तोही बहुधा नोटरीच्या बॉण्डवर.

घरांसाठी जमीन पाडण्याची कायदेशीर वाट कोणती? १९६६ साली महाराष्ट्राने दोन कायदे केले : जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक व नगररचना अधिनियम. पहिल्याने शेतजमीन अकृषिक करण्याचे नियमन केले, दुसऱ्याने तिच्यावर काय व कसे उभे राहावे याचे. मालकाने सातबारा, मोजणी नकाशा आणि पोहोच रस्त्याचा पुरावा जोडून रेखांकन सादर करायचे. महापालिका हद्दीत ते आयुक्तांकडे जाते. हद्दीबाहेर जिल्हाधिकाऱ्यांकडे, नगररचना खात्याच्या अभिप्रायासह. आधी तात्पुरती मंजुरी, मग भूमिअभिलेख खात्याकडून जागेवर आखणी व मोजणी, रस्ते आणि गटारे, आणि त्यानंतर अंतिम मंजुरी. ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे रेखांकनाची मंजुरी नव्हे. कर आकारणीच्या नमुना ८ मधील नोंद म्हणजे मालकी नव्हे. या दोन वाक्यांचे अज्ञान हेच गुंठा विकणाऱ्याचे भांडवल आहे.

ही वाट टाळली का जाते, याचे उत्तर साध्या अंकगणितात सापडते. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. म्हणजे चार गुंठे गेले. अंतर्गत रस्ते नऊ मीटरपासून पुढे. त्यांत आणखी आठदहा गुंठे सहज जातात. विकायला उरतात सव्वीस-सत्तावीस. त्यातही गटाराचा आणि विजेच्या खांबांचा खर्च मालकाच्याच माथी. मंजुरीवाचून पाडणारा दहा फुटी बोळ ठेवून पस्तीस गुंठे विकतो. हा जो आठनऊ गुंठ्यांचा फरक, तो मुलांच्या मैदानाचा, अग्निशामक गाडी वळण्याच्या जागेचा आणि सांडपाण्याच्या उताराचा आहे. घेणाऱ्याला भूखंड स्वस्त वाटतो; उरलेली किंमत तो पुढे वीस वर्षे चिखल तुडवून आणि टँकरमागे धावून फेडतो. ज्या शहराने निजामी राजवटीतल्या घाणेवाडीच्या तलावावर दिवस काढले आणि नंतर पैठणहून जायकवाडीचे पाणी आणले, त्या शहरात नकाशावर नसलेल्या वस्तीला नळ कोणत्या क्रमांकाने मिळेल, हे सांगावयास नको.

शासनाची नीती येथे दुटप्पी राहिली आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी वीस गुंठे आणि बागायतीसाठी दहा गुंठे ठरले. त्याहून लहान तुकड्याची खरेदी तेव्हा बेकायदा होती. पण वस्ती उभी राहिली की ती नियमित करणारा कायदाही तयार. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमात १ जानेवारी २००१ ही मर्यादा होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. राहते घर वाचले, हे योग्यच झाले. श्रमिकाच्या डोक्यावरचे छप्पर पाडा असे समाजवादी कधीही म्हणणार नाही. परंतु नियमितीकरणाचे शुल्क घर बांधणारा भरतो, आणि ज्याने चाळीसपैकी पस्तीस गुंठे विकून पैसा नेला तो पुढच्या गटात नवे खांब रोवीत असतो. दंडाचा रोख विकणाऱ्याकडे वळवा, ही मागणी आपण अद्याप जोराने केलेली नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दोन एकरांचा शेतकरी स्वतः रेखांकन करू पाहतो तेव्हा फाइल त्याला दमवते. अंतिम विकास योजनेच्या क्षेत्रात आणि गावठाणालगतच्या दोनशे मीटरांत वेगळ्या अकृषिक परवानगीची अट महसूल संहितेच्या ४२-अ ते ४२-ड या कलमांनी सैल केली. रेखांकनाची मंजुरी मात्र राहिलीच, आणि ती राहिलीच पाहिजे. नगररचना कायद्याचे ४५ वे कलम म्हणते की नियमात बसणाऱ्या अर्जावर साठ दिवसांत उत्तर न गेल्यास परवानगी दिली असे मानावे. हे मानीव पत्र कोणत्या टेबलावर मिळते, ते कलमात लिहिलेले नाही! थकलेला शेतकरी अखेर सारी जमीन एकरकमी ज्याच्या हवाली करतो, त्याची फाइल मग चालू लागते.

७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत नगररचना हे पालिकेचे काम म्हणून नोंदले आहे. तरीही जालन्याच्या महापालिकेचा कारभार आरंभी लोकनियुक्त सभागृहावाचून प्रशासकाच्या हाती राहिला. शहरालगत खरपुडीला सिडकोच्या नवनगराची आखणी झाली. २०२५ साली तिला स्थगिती मिळाली आणि चौकशीची भाषा सुरू झाली. एवढ्या मोठ्या आखणीची चर्चा वृत्तपत्रांतून तरी होते. एका गटातल्या बावीस भूखंडांची चर्चा कुठेच होत नाही.

म्हणून शाखांनी कामाला येथून प्रारंभ करावा. आपल्या गावच्या हद्दीत मंजूर झालेल्या प्रत्येक रेखांकनाची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागावी. नकाशावरची खुली जागा आज शिवारात कोठे आहे, ते वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन फितीने मोजावे. तिच्यावर कोणाचे बांधकाम दिसले, तर मोजणीच्या आकड्यांसह लेखी तक्रार त्याच मंजुरी देणाऱ्या कचेरीत द्यावी आणि पोच घ्यावी. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे, उत्तराची मुदत तीस दिवसांची.