पॅरिस ते मैहर : एका मुलाचा प्रवास

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, बालकलाकारांच्या कार्यक्रमानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळावर चालणारा माणूस आहे. सांस्कृतिक विभागाच्या वहिनींनी "पाच मिनिटं बोला" असे सांगितले, तेव्हा पहिल्यांदा नाहीच म्हणालो. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात होती, ती आपल्याच माणसांत सांगावी म्हणून उभा राहिलो.

आपल्या दुर्गहून सारनाथ एक्सप्रेस सुटते. बिलासपूर, शहडोल, कटनी, मैहर, सतना करत ती वाराणसीवरून पुढे छपऱ्याला जाते. तीन वर्षांपूर्वी आई-वडिलांना काशीला घेऊन त्याच गाडीने निघालो होतो. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मुलगाही बरोबर होता. मैहरला गाडी थांबली. आईने शारदामातेच्या डोंगराच्या दिशेने हात जोडले. मुलगा खिडकीतून बघत म्हणाला, "पप्पा, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ इथलेच. रविशंकर त्यांच्याबरोबर युरोपच्या दौऱ्यावर होते. तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते."

एवढेच बोलला आणि गप्प बसला. तो गप्प का बसला ते मला ठाऊक होते. ते शेवटी सांगतो. आधी रविशंकरांची गोष्ट.

रविशंकरांचा जन्म ७ एप्रिल १९२० चा, बनारसचा. थोरले बंधू उदयशंकर नर्तक होते. अ‍ॅना पावलोवा या जगप्रसिद्ध रशियन नर्तिकेबरोबर त्यांनी काम केले होते. १९३० साली उदयशंकरांनी आई, भाऊ, काका, चुलत बहीण आणि काही वादक अशी मंडळी जमवली आणि पॅरिस गाठले. त्यात सर्वांत धाकटा दहा वर्षांचा रवि. ३ मार्च १९३१ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझे थिएटरात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. या संचात वादनाची बाजू सांभाळणारे एक होते हुबळीचे विष्णुदास शिराळी, म्हणजे आपल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. सरोदवादक तिमिर बरन हे अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य.

पुढची काही वर्षे या मुलाचे आयुष्य गाडीत, बोटीत आणि हॉटेलात गेले. युरोपातले देश झाले, १९३२ च्या अखेरीस अमेरिकाही झाली. पॅरिसमध्ये थोडा काळ फ्रेंच शाळेत गेला, पण शालेय शिक्षण काही पुरे झाले नाही. रंगमंचावर तो नाचायचा. सतार, इसराज, जे वाद्य हाताशी येईल ते वाजवायचा. कासाल्सचे चेलो, क्रायस्लरचे व्हायोलिन अशा दिग्गजांचे वादन त्याने त्या वयात समोर बसून ऐकले. टाळ्या मिळत होत्या. चांगले सूट, उत्तम हॉटेले, कौतुक, काही कमी नव्हते.

मग १९३५ साली खाँसाहेब स्वतः या संचाबरोबर दौऱ्यावर निघाले. तोपर्यंत मुलाचे वडील गेले होते. मुंबईच्या बंदरावर आई निरोप द्यायला आली होती. तिने धाकट्याचा हात खाँसाहेबांच्या हातात दिला आणि याला आपला मुलगा समजा म्हणून विनवले. रविशंकरांची आणि आईची ती शेवटची भेट. पुढच्याच वर्षी ती वारली.

त्या दौऱ्यात खाँसाहेबांनी मुलाला शिकवायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात डार्टिंग्टन हॉल म्हणून ठिकाण आहे. तिथे १९३६ मध्ये मुक्काम असताना शिकवणी जरा नीट झाली. पण गुरुजी खूश नव्हते. त्यांचे म्हणणे, हा मुलगा हुशार आहे, पण फुलपाखरू आहे. आज नाच, उद्या सतार, परवा चित्रे. एक धर, मैहरला ये, तर शिकवतो. असे सांगून ते भारतात परतले.

बंधु-भगिनींनो, विचार करा. एकीकडे पॅरिस, दुसरीकडे मैहर. निर्णय घ्यायला त्या मुलाला दोन वर्षे लागली. १९३८ साली, अठराव्या वर्षी, डोके भादरून, साधे कपडे घालून तो मैहरला आला. राहायला लहानसे घर, झोपायला बाज, सोबतीला विंचू आणि डास. गुरूचा राग प्रसिद्धच. एकदा हात नीट चालेना तेव्हा गुरुजी म्हणाले, जा, बाजारातून बांगड्या आणून भर. मुलाला ते लागले. त्याने सामान बांधले आणि पुढच्या गाडीने जायचे ठरवले. गुरुपुत्र अली अकबर यांनी अडवले. म्हणाले, अरे, बाबांनी ज्याच्यावर हात उचलला नाही असा तू एकटाच आहेस! मग गुरूंनीच बंदरावरच्या त्या आईची आठवण काढली आणि मुलगा राहिला. राहिला तो सहा-सात वर्षे. रोजचा रियाज दहा-बारा तासांच्या वर जायचा. पुढे १९६७ ला मॉन्टेरीत आणि १९६९ ला वुडस्टॉकला जी सतार जगाने ऐकली, ती या खोलीत तयार झालेली.

याच मैहरची आणखी एक गोष्ट पोलादनगरीतल्या माणसांना आवडेल. १९१८ च्या साथीत अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून खाँसाहेबांनी त्यांना वाद्ये शिकवली, तोच मैहर बँड. त्यासाठी बंदुकांच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचे वाद्य बनवले. लोखंडाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

आपल्या गावातही उदाहरण आहे. गनियारीच्या तीजनबाई तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात पहिल्यांदा पंडवानी गायल्या. पुढे आपल्याच कारखान्यात नोकरीला लागल्या आणि त्यांनी पंडवानी युरोपात नेली.

आता माझ्या मुलाच्या गप्प बसण्याबद्दल. तो लहानपणापासून तबला शिकत होता. तुमच्यापैकी पुष्कळांनी याच मंडपात ऐकला आहे. अकरावीत असताना मुलामुलींच्या एका वाद्यवृंदात त्याची निवड झाली. तीन आठवडे जर्मनी, हॉलंड आणि फ्रान्स. फॉर्मवर पालकांची सही हवी होती. मी कोचिंगच्या टेस्टचे वेळापत्रक काढले, तारखा जुळवल्या आणि फॉर्म परत दिला. म्हणालो, "तबला काय पळून जातो का? आधी सीट घे." त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तबला-डग्गा गवसणीत घालून माळ्यावर ठेवला. सीट मिळाली. तबला पळून गेला नाही हेही खरे. पण तो खाली आला नाही.

मी चुकलो का? माझ्या वडिलांनी भंडाऱ्याहून येऊन इथे भट्टीसमोर आयुष्य काढले ते आमच्या शिक्षणासाठी. त्यामुळे सीट महत्त्वाची नाही असे मी आजही म्हणणार नाही. तीन आठवड्यांत मुलगा रविशंकर झाला नसता हेही मला कळते. पण एक गोष्ट मी माझ्या कामात रोज बघत होतो, ती घरात दिसली नाही.

आम्ही नवीन ट्रॅक घालतो तेव्हा पहिली गाडी अगदी हळू सोडतो. गाडीच्या वजनाने गिट्टी दबते. मग आम्ही पुन्हा पॅकिंग करतो, मग वेग थोडा वाढवतो, पुन्हा पॅकिंग करतो. नुसती गाडी सोडत राहिलो तर ट्रॅक बिघडेल. आणि नुसते पॅकिंग करत, गाडीच न सोडता बसलो, तर ट्रॅक पक्का होत नाही. दौरा म्हणजे गाडी आणि रियाज म्हणजे पॅकिंग. त्या मुलाला युरोप मिळाला नसता तर गुरू भेटला नसता. मैहर मिळाले नसते तर युरोपच्या टाळ्या तिथेच विरून गेल्या असत्या. मी माझ्या मुलाला दोन्ही दिले नाही. दौरा नाकारला आणि रियाजाची जागाही माळ्यावर ठेवू दिली.

म्हणून पालकांना हात जोडून सांगतो. उद्या तुमच्या मुलाच्या हातात असा फॉर्म आला, तर सही करा किंवा करू नका, ते तुमच्या घरचे गणित आहे. पण त्याला शेजारी बसवून, त्याचे म्हणणे पुरते ऐकून मग ठरवा. आणि कार्यकारिणीला विनंती. आपण मुलांना वर्षातून दहा मिनिटे रंगमंच देतो. बाकी वर्षभर आठवड्यातून एक संध्याकाळ हा हॉल त्यांच्या सरावासाठी उघडा ठेवावा. चावी सांभाळायला मी तयार आहे.

काशीहून परत आल्यावर मी तबला माळ्यावरून काढला आणि दुर्गहून नवी पुडी बसवून आणली. मुलाला त्यातले काही बोललो नाही. उद्या तो सुट्टीवर घरी येतो आहे आणि विसर्जनाच्या आदल्या रात्री भजन आहे. वाजवशील का, असे मी विचारणार नाही. तबला बाहेरच्या खोलीत ठेवला आहे, एवढेच.

गणपती बाप्पा मोरया!