डक्टमधली फट

इमारतीत आगीचा बंदोबस्त म्हटलं की डोळ्यांपुढे लाल सिलिंडर येतात. पण आग लागली तिथेच अडवून धरायचं काम भिंती, स्लॅब आणि दारं करतात. त्यातली सगळ्यात कच्ची जागा म्हणजे विजेच्या केबलची डक्ट. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सरळ पोकळी. बुजवली नाही तर धुराडंच ते! म्हणून प्रत्येक मजल्यावर केबलभोवतीची फट अग्निरोधक मसाल्यानं भरायची असते. साधा फोम चालत नाही, तो स्वतःच पेटतो. देखरेख करणाऱ्यानं फॉल्स सीलिंग लागण्याआधीच बॅटरी मारून आत डोकवावं, फोटो काढून ठेवावेत. नंतर कोण बघतंय? शिवाय लोक राहायला आले की इंटरनेटवाला येतो, नवं भोक पाडतो आणि निघून जातो. जिन्याच्या अग्निरोधक दाराच्या कडेला एक पट्टी असते, ती उष्णतेनं फुगून फट बंद करते. पण दाराला वीट लावून ते उघडंच ठेवलं असेल, तर पट्टी बिचारी काय करणार? महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याखाली अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी डक्टचं दारही उघडायला लावावं.